अकरा जणांची हजेरी

दुपारी वारा पडला की मिरचीचा वास घरात येऊन बसतो. दार लावलं तरी बसतो. मार्गशीर्ष सरत आला आहे, आणि गावाबाहेर पथाऱ्या पडल्या आहेत. ओली लाल मिरची उन्हात पसरायच्या मोकळ्या जागेला आमच्याकडे पथारी म्हणतात. पहिले दोन दिवस मिरची ओल्या लुगड्यासारखी चकाकते. मग तिचा रंग आत आत जातो, साल चुरमुरं होतं, आणि आठव्या-नवव्या दिवशी वारा आला की आतलं बी वाजतं. एका मिरचीचं बी ऐकू येत नाही. पण चार बिघे मिरची एकदम वाजली की लांबून कोणीतरी खडीवरून चालत येतंय असं वाटतं.

या दिवसांत बाईच्या डोळ्यांत पाणी दिसलं तर कोणी काही विचारत नाही. ही एक सोय आहे.

मी देठ खुडत बसते. हात आपले चालत असतात आणि मन भलतीकडे जातं. तापी ओलांडून, नंदुरबारच्या पुढे, नवापूरच्या वाटेवर एक लहान स्टेशन होतं तिथे. सासरी येण्याआधीची माझी शेवटची थंडी तिथे गेली. तेव्हा मला बारा सरून तेरावं लागलं होतं. नंदुरबारला मामाकडे राहून मराठी चौथी झाली होती, आणि पुढे शिकवायचं कोणाच्या मनात नव्हतं. माझे वडील, आबा, रेल्वेच्या गँगचे मुकादम होते. रूळ, खडी, स्लीपर बघणारी वीस माणसं त्यांच्या हाताखाली. आई नव्हती. भाऊ-बहीण कोणी नव्हतं. स्टेशनाच्या मागे आमची दोन खोल्यांची चाळ, तिच्यासमोर व्यापाऱ्यांची पथारी, आणि पथारीच्या पलीकडे, सिग्नलपर्यंत, एक मोकळं मैदान.

त्या मैदानाच्या कडेला दगडी बंगल्यात बुढा साहेब राहायचा. लाइनीचा इन्स्पेक्टर. त्याचं वय नोकरीच्या बाहेर गेलेलं होतं, पण विलायतेत मोठी लढाई झाली, तरणे साहेब तिकडे गेले, आणि याला ठेवून घेतला. बायको कधीच वारली होती, मूल नव्हतं. सकाळी ट्रॉलीवर बसून लाइन बघायला जायचा. उंच, वाकलेला, एका गुडघ्यानं अधू. मिशा पांढऱ्या, पण मधोमध तंबाखूनं पिवळ्या झालेल्या. माणसं त्याला भ्यायची. उशिरा येणाऱ्याचा तो अर्धा दिवस कापायचा, आणि एकाच्या जागी दुसऱ्यानं हजेरी दिली तर दोघांचा.

हे हजेरीचं सांगायला हवं. आबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. वीस नावं तोंडपाठ. पहाटे धुक्यात ते लाइनीच्या कडेला उभे राहून एका सुरात पुकारायचे, आणि धुक्यातून एकेक "हाजर!" यायचं. कोणी डोंगरातल्या पाड्यावरून यायचा राहिला असेल, तर त्याचा सोबती आवाज बदलून त्याच्या नावाला "हाजर" म्हणायचा. आबांना कळायचं. आबा पुढचं नाव घ्यायचे. दहा मिनिटांनी तो माणूस धापा टाकत येऊन फावडं उचलायचा, आणि विषय संपायचा. साहेबाला मात्र हे चोरीसारखं वाटायचं.

असा हा साहेब रविवारी दुपारी वेगळाच व्हायचा. बंगल्यातून चामड्याचा एक चेंडू यायचा, नारळापेक्षा मोठा, तपकिरी, पोटावर वादी ओवलेला. गँगची माणसं दोन्हीकडे वाटून उभी राहायची. पायात काही नाही. दोन-दोन बांबू रोवून दारं केलेली. साहेब कॅनव्हासच्या खुर्चीत बसून ओरडायचा, काठी आपटायचा, मधेच उठायचा आणि गुडघा धरून खाली बसायचा. डोंगरातली ती माणसं हरणासारखी पळायची. नियम कोणाला कितपत कळत होते देव जाणे. पण चेंडू बांबूतून पलीकडे गेला की सगळेच नाचायचे. ज्यांच्यावर गोल झाला तेसुद्धा.

पथारीवर देठ खुडणाऱ्या आम्ही बाया ते बघायचो. मी खांबाआडून बघायची. माझा स्वभावच तसा. परक्या माणसापुढे माझा आवाज घशातच राहायचा. तुळसाबाई म्हणून एक जाडजूड बाई होती, ती मला छळायची.

"वं पोरी, आतेपासून एवढी लाजस ते नवरासामने कशी बोलशी?"

मी आणखी आत सरकायची. माघात माझं लग्न ठरलं होतं. तिला ते बोलायला निमित्तच मिळालं होतं.

एका रविवारी चेंडू उडून थेट मिरचीत पडला. दोन-तीन गिरक्या खाल्ल्या, लाल होऊन निघाला. होन्या नावाचा एक गावीत जमातीचा पोरगा गँगमधला सगळ्यांत चपळ. त्यानं चेंडू उचलून आत फेकला, आणि तो परत उंच आला तेव्हा साहेबानं शिकवलं होतं तसा कपाळानं मारला. मारला तो मारला, आणि घामाचं तोंड दोन्ही हातांनी पुसलं.

"मुकादम! मन्हा डोया गयात!"

"डोया नई गयात, अक्कल गयी," तुळसाबाई म्हणाली. "मिरचीले टाळकं कसाले घासस?" म्हणता म्हणता ती ताकाचा तांब्या घेऊन धावली. होन्या मैदानात उताणा, ती त्याच्या डोळ्यांत ताक ओततेय, बाकीचे गडी गडबडा हसताहेत. आणि साहेब हसला. मी त्याला हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिला. हसून हसून त्याच्याही डोळ्यांना पाणी आलं. मग त्यानं होन्याला जवळ बोलावून स्वतःच्या कपाळावरची एक खूण दाखवली. वादीची. त्याच्या गावी म्हणे बारा महिने पाऊस, चेंडू चिखल पिऊन दगडासारखा जड व्हायचा, आणि डोक्यानं मारला तर वादी कपाळात रुतायची. "हाम जवान था," तो म्हणाला. "हामारा ग्यारा आदमी था."

त्या दिवसापासून अकरा माणसं आमच्या स्टेशनावर राहायला आली असं मला वाटतं.

आबा संध्याकाळी बंगल्यावर दिवसाचं काम सांगायला जात, आणि मी कंदील धरून बरोबर. साहेब काम ऐकून घ्यायचा आणि मग त्या अकरांचं बोलायचा. तोडक्या हिंदुस्तानीत, मधेच स्वतःच्या भाषेत, आम्हाला कळतंय की नाही हे न बघता. काळ्या धुराचं गाव, सुताच्या गिरण्या. इथून वॅगन भरभरून कापूस जातो ना, तसलाच कापूस त्या गिरणीत यायचा. अकराही जण गिरणीत. शनिवारी दुपारी भोंगा झाला की अंगाला चिकटलेल्या कापसाच्या तुसांसकट मैदानात. एका वर्षी त्यांनी मोठ्या शहराच्या लोकांना हरवलं. बक्षिसाचा पेला आपल्या फुलपात्राएवढाच होता, असं त्यानं हातानं दाखवलं. परतताना सगळं गाव दिवे घेऊन रस्त्यावर.

चाळीस वर्षांपूर्वीची ती गोष्ट. पण कोणी कुठून चेंडू दिला, कोणाचा पाय घसरला, पाऊस कोणत्या बाजूनं येत होता, हे सगळं तो असं सांगायचा की मला माझे पाय ओले वाटायचे. आदल्या दिवशी कोणत्या मैलावर स्लीपर बदलले हे मात्र त्याला आबांना दोनदा विचारावं लागे. तेव्हा मला त्याचं नवल वाटायचं. आता वाटत नाही. माझंही तसंच होऊ लागलं आहे. चाळिशी आली. काल किती पायल्या दाणे दळायला दिले ते आठवत नाही, आणि साहेबाच्या व्हरांड्यातल्या फरशीला कुठे चीर होती ते आठवतं.

भिंतीवर त्या अकरांचा फोटो होता. सहा उभे, पाच बसलेले, हाताची घडी. पण त्या पावसाळ्यात भिंतीतून वाळवी आली आणि काचेच्या आतून फोटो खाल्ला. चार चेहरे शिल्लक होते. बाकीच्यांचे बूट, गुडघे, एखादा हात. साहेब रिकाम्या जागेवर बोट ठेवून नाव सांगायचा, जसा काही तिथला माणूस त्याला दिसतच होता.

नाताळात त्याला विलायतेहून एक पत्र यायचं, दर वर्षी एकच. गोल राखायला उभा राहणाऱ्या जोसेफचं. त्यात गावची खबर, आणि अकरांपैकी कोण गेलं ते. त्या वर्षी पत्र आलं ते जोसेफच्या मुलीच्या हातचं.

साहेबानं ते दिवसभर खिशात ठेवलं. संध्याकाळी आबांना म्हणाला, "मुकादम, अब हाम अकेला." आणि नावं म्हणू लागला. सातव्या नावापाशी अडला. आठवेना. टेबलावर बोटं वाजवली, फोटोसमोर जाऊन उभा राहिला, खाल्लेल्या जागेवर बोट ठेवलं. "हाम भूला तो सब गया," तो म्हणाला. आवाज चढवून नाही. सिग्नल पडला आहे हे सांगावं तसा.

मला ते नाव येत होतं. महिनाभर रोज ऐकलेलं. जिभेच्या टोकावर होतं, आणि मी पदर धरून उभी. कितीदा म्हटलं, बोल. नाही बोलवलं. घरी येताना लाइनीच्या कडेनं मी ते आबांना सांगितलं, "अल्बर्ट." आबा थबकले.

"तुले येस व्हतं? मंग तठेच का नई बोलनी?"

मी कंदील पुढे धरून चालू लागले.

दुसऱ्या दिवशी आबांनीच साहेबाला सांगितलं, पोरीला सगळी नावं येतात आणि लिहिताही येतं. साहेबानं मला एक कोरी वही दिली. "तुम लिखो, बेटी." स्वतः लिहिलं तर स्वतःच वाचावं लागतं; त्याला ती नावं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची होती. मी घरी बसून टाकानं, वळणदार, बालबोधीत अकरा नावं लिहिली. शाळेत पंतोजींनी शिकवलं होतं, नुसतं नाव लिहिणं उद्धटपणा. जिवंत माणसाच्या नावाआधी रा. रा., गेलेल्याच्या आधी कै. तशी मी दहा जणांना कै. लावलं आणि साहेबाला रा. रा.

साहेबाला बालबोध वाचता येत नव्हतं. त्याचे मित्र माझ्या अक्षरांत होते आणि ते मीच वाचून दाखवायला हवे होते. मी दाराच्या चौकटीकडे तोंड करून, वही नाकाला लावून वाचलं. त्याला एकच कळलं, की जवळजवळ प्रत्येक नावाआधी काहीतरी तेच तेच येतंय. "ये क्या?" त्यानं बोट ठेवून विचारलं.

आबांनी सांगितलं, "साहेब, मर गया आदमी के नाम के आगे लगाते है."

साहेबानं वही माझ्या हातून घेऊन दिव्यापाशी धरली. मला वाटलं रागावला. मग मान हलवून म्हणाला, "निकालो. मैदान में कोई मरा नहीं."

शाई खोडून निघत नाही. मी पान फाडलं आणि नव्या पानावर नुसती नावं लिहिली. रा. रा. सुद्धा काढलं. जोसेफ. विल्यम मोठा. विल्यम धाकटा. आर्थर. नेड. सॅम. अल्बर्ट. हॅरी. टॉमस. जॅक. जॉर्ज. नुसती नावं इतकी उघडी दिसली की मला त्यांना पांघरूण घालावंसं वाटलं. शेवटचा जॉर्ज म्हणजे साहेब स्वतः. डाव्या कडेनं पळायचा.

पौषभर मी रोज वाचायला जायची. धुकं असायचं. पथारीवरची मिरची संध्याकाळी ताडपत्र्यांखाली झाकलेली असायची आणि तिच्यावर दव पडून गोडसर वास सुटायचा. तिखटाला असा वास असतो हे पहाटे-संध्याकाळी तिथून गेल्याशिवाय कळायचं नाही. साहेब डोळे मिटून ऐकायचा. काही दिवस त्याला माझ्याआधी नाव आठवायचं आणि तो लहान मुलासारखा खूश व्हायचा. काही दिवस सगळ्या नावांना तो नवीनच ऐकल्यासारखा दचकायचा.

लग्नाला आठ दिवस उरले आणि मला धास्ती पडली. सासरची नव्हे. मी गेल्यावर वाचणार कोण? स्टेशनमास्तर गुजराती लिहिणारे आणि साहेबाच्या वाऱ्याला उभे न राहणारे. गँगमध्ये अक्षर कोणाला येत नव्हतं. वही असून नसल्यासारखी होणार होती.

मग भाकरी थापताना सुचलं, आणि मला स्वतःचीच लाज वाटली की इतके दिवस कसं सुचलं नाही. आबांना वीस नावं पाठ होती. विसांपुढे अकरा काय जड?

मी भाकरी थापत म्हणायची, आबा चुलीपाशी बसून मागून म्हणायचे. त्यांना ती सरळ पाठ होईनात. "आसं नई जमत," ते म्हणाले. "माले पुकारता येस, म्हनता येत नई." आणि उठून उभे राहिले, हात मागे बांधले, पहाटेच्या त्या सुरात पुकारलं, आणि अकराही नावं एका दमात आली.

लग्नाच्या दोन दिवस आधी, दिवस मावळताना, आबांनी सगळी गँग बंगल्यापुढे उभी केली. मला निरोप द्यायला आले असं साहेबाला वाटलं असेल. तो व्हरांड्यात खुर्चीत होता. मी दाराआड. आबांनी घसा साफ केला.

"जोसेफ!"

साहेबानं डोळे वर केले. आणि मैदानातून होन्याचा आवाज आला, थोडा जाड केलेला, दुसऱ्यासाठी देतात तसा: "हाजर!"

आबांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं. होन्याला आपसूक सुचलं. न आलेल्या माणसासाठी हाजर म्हणायचं त्यांच्या अंगवळणीच पडलेलं.

"विल्यम मोठा!" "हाजर!" "विल्यम धाकटा!" दोघे एकदम म्हणाले, हसू फुटलं, आणि लगेच थांबलं. आर्थर, नेड, सॅम. प्रत्येक नावाला वेगळा गळा. मला साहेबाची भीती वाटत होती. याच गोष्टीसाठी त्यानं किती जणांचे दिवस कापले होते! पण त्यानं कोणाला थांबवलं नाही. त्याची हनुवटी हलत होती. अल्बर्ट, हॅरी, टॉमस, जॅक.

मग आबा थांबले.

अकरावं नाव साहेबाचं. मुकादमानं साहेबाला नावानं कसं पुकारायचं? आमच्यात थोरल्याचं नाव घेत नाहीत, आणि हा तर रोजी देणारा. आबांनी माझ्याकडे बघितलं, हळूच म्हणाले, "साहेबनं नाव मी कसं लेऊ, पोरी?" गँग खाली बघू लागली. साहेब वाट बघत होता. काठी धरून, खुर्चीत पुढे सरकून, सबंध अंगानं वाट बघत होता. कित्येक वर्षांत त्याला त्या नावानं कोणी हाक मारली नसणार. मारणारे दहा जण होते, ते गेले होते.

माझा आवाज कसा आला ते मला माहीत नाही. दाराआडून आला, पण आला.

"जॉर्ज!"

साहेब उठला. काठी न घेता, त्या गुडघ्यावर, सरळ. म्हणाला, "हाजर."

माघात मी तापी ओलांडली. सासरी माझं नाव बदललं, सगळ्यांचं बदलतं. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहिलं, आणि जुनं नाव आबांकडे राहिलं. मुळासाठी, म्हणजे मला माहेरी न्यायला, आबा आले तेव्हा मी आधी साहेबाचं विचारलं. ते म्हणाले, रोज पुकारतो. पुढच्या थंडीत नवा इन्स्पेक्टर आला आणि बुढ्या साहेबाला मुंबईला नेलं, तिथून बोटीनं. निघायच्या संध्याकाळी त्यानं आबांनाही ओळखलं नाही. "तुम कौन?" म्हणाला. आबा हात मागे बांधून पुकारायला लागले. गँग उभी होती, पण त्या दिवशी कोणाला तोंड उघडावं लागलं नाही. अकराही नावांना साहेब एकटाच हाजर म्हणाला.

आबा जाऊन सहा वर्षं झाली. माझ्या जुन्या नावानं हाक मारणारं आता कोणी नाही. होन्या कुठे आहे माहीत नाही. वही साहेबाबरोबर गेली; तिकडे ती कोणाला वाचता येणार? म्हणजे ती नावं आता फक्त माझ्याजवळ.

परवा गावाच्या कडेच्या आमच्या अंगणात देठ खुडताना मी ती पुटपुटत होते. सून, वत्सला, शेजारी होती. तिनं ऐकलं.

"माय, ह्या कोन शेतस?"

"मन्हा माहेरना मानसे शेतस."

"पन तुम्हले ते भाऊ नव्हता ना?"

"भाऊ नई," मी म्हटलं. एवढंच. पुढे सांगायला गेले असते तर मिरचीच्या नावावर खपणार नाही इतकं रडले असते.

वत्सला समजूतदार पोर. तिनं खोदून विचारलं नाही. "मंग माले बी सांगा," म्हणाली. "सासूना माहेरना मानसे सूनले माहीत नको का?" मी सांगितली. तिनं दोनदा म्हटली, हसली, आणि चहा ठेवायला उठून घरात गेली. आतून तिचा आवाज येत होता, भांड्यांच्या आवाजात मिसळून. जोसेफ. विल्यम मोठा. विल्यम धाकटा. आर्थर. नेड. सॅम.

सॅम, म्हणाली परत. मग थांबली. स्टोव्हचा आवाज तेवढा.

अंगणासमोरच्या पथारीवर व्यापाऱ्याची माणसं पोती शिवत होती. चार-पाच परके पुरुष. मी टोपली बाजूला सारली, उभी राहिले, आणि घराकडे तोंड करून मोठ्यांदा ओरडले, "अल्बर्ट!"

पुरुष सुया थांबवून बघायला लागले. बघेनात का.